सिरॅमिक की बीड?

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार, जेवण अंमळ जास्तच झालेलं, डोळा लागत होता आणि तेवढ्यात भाच्याचा फोन आला. भाचा जर्मनीत असतो, श्टुटगार्टजवळ.

"मामा, झोपला होतास का?"

"छे रे, बोल." (हे खोटं आपण सगळेच बोलतो. :) )

"एक विचारायचं होतं. सिरॅमिक घेऊ की स्टील?"

झोपेतच मी म्हणालो, "तव्याचं विचारत असशील तर दोन्ही नको. बिडाचा घे."

पलीकडे हसण्याचा आवाज. विषय तव्याचा नव्हता, मोटारीच्या ब्रेकचा होता. सात वर्षं पैसे साठवून हा मुलगा जुनी पोर्शे ९११ घेणार होता. दोन गाड्या बघून ठेवलेल्या. साल तेच, रंग तोच, किलोमीटरही थोड्याफार फरकाने सारखेच. फरक एवढाच की एका गाडीला सिरॅमिकचे ब्रेक, पिवळ्याधमक कॅलिपरवाले, आणि दुसरीला साधे. सिरॅमिकवाली काही हजार युरोंनी महाग. याचं मन साध्यावर आणि याच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, मन महागावर. "ब्रेकमध्ये पैसे वाचवायचे नसतात," एवढं एकच वाक्य ती चार दिवस फोनवर बोलत होती. शेवटी "मामाला विचार, तो इंजिनिअर आहे" यावर तोडगा निघाला.

मी इंजिनिअर होतो हे खरं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, त्यातही आयुष्य गेलं पंपात. पण ब्रेकशी आमच्या घराचा जुना संबंध आहे. म्हणून म्हटलं, आठ दिवस दे, वाचतो आणि सांगतो. वाचता वाचता एवढं सापडलं की ते एका फोनमध्ये मावेना. म्हणून हे इथे लिहितोय.

पहिली गंमत अशी की झोपेत दिलेलं माझं उत्तर फारसं चुकलं नव्हतं. दुनिया ज्याला 'स्टील ब्रेक' म्हणते, त्या तबकड्या बहुतेक वेळा स्टीलच्या नसतातच. त्या बिडाच्या असतात. बीड, म्हणजे जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. पोलाद ओढलं, वाकवलं तरी सोसतं. बीड ठिसूळ, वाकण्याऐवजी मोडतं. मग ब्रेकला बीड का? तर त्याच्या पोटात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे पसरलेले असतात. त्या पापुद्र्यांमुळे उष्णता पटकन सगळीकडे पसरते आणि थरथर जिरते, म्हणून आवाज कमी. शिवाय ओतायला सोपं आणि स्वस्त. बिडाच्या तव्यावरची भाकरी सगळीकडून सारखी भाजते आणि गाडी घाट उतरून सुखरूप खाली येते, यामागचा गुण बऱ्याच अंशी एकच आहे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमचे अण्णा कोल्हापूरला उद्यमनगरात एका फाउंड्रीत सुपरवायझर होते. ट्रकचे ब्रेक ड्रम ओतायचं काम तिथे असे. शाळा सुटल्यावर डबा द्यायला गेलो की काळ्या वाळूचे साचे, क्युपोला भट्टीचं तोंड आणि त्यातून पडणारी लाल धार बघत मी उभा राहायचो. ड्रम गार झाला की अण्णा तो दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजवायचे. घंटेसारखा 'ठण्ण' वाजला तर पास. 'थद्द' वाजला की आत कुठेतरी चीर. मग खडूची फुली, आणि परत भट्टीत. आई बाजारात मडकं घेताना वाजवून घ्यायची, तसंच. पुढे वाचनात आलं की 'सिरॅमिक' हा शब्द ग्रीक भाषेतल्या कुंभाराच्या मातीवरून आलाय, तेव्हा मला सगळ्यात आधी आईचं मडकं आठवलं.

असो. मूळ मुद्दा. ब्रेक करतो काय?

आपण म्हणतो, ब्रेक गाडी थांबवतो. खरं म्हणजे ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो, बाकी काही नाही. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबली, तर जी उष्णता तयार होते ती जवळजवळ दोन लिटर गार पाण्याला उकळी आणायला पुरेल एवढी. आता वेग दुप्पट करा, ताशी २००. उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. सात लिटरच्या वर पाणी उकळेल. आणि हे सगळं चार चाकांत, पाच-सहा सेकंदांत. श्टुटगार्टच्या आसपास असे रस्ते आहेत जिथे ताशी २०० ने जायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून हा प्रश्न त्या देशात नुसता हौसेचा नाही.

ही उष्णता ठेवायची कुठे? ब्रेकचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मला तरी या एका प्रश्नाचाच इतिहास वाटतो.

सुरुवात बैलगाडीइतकी साधी. घोडागाडीला उतारावर आवरायला लाकडाचा ठोकळा चाकावर दाबायचे. असं सांगतात की इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात शेतकरी त्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे तळवे ठोकायचे, म्हणजे पकड चांगली बसते. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, याहून बरं काहीतरी करता येईल. १८९७ साली त्याने धंदा सुरू केला. आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट केली, त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातलं 'ई' घातलं आणि नाव झालं 'फेरोडो'. स्पेअर पार्टच्या दुकानात ब्रेक लायनरच्या खोक्यावर हे नाव तुम्ही वाचलं असेल. एका बायकोचं नाव जगभरच्या गाड्यांना थांबवत फिरतंय. बऱ्याच बायकांना यात नवल वाटणार नाही. :)

१९०२ साल फार मजेदार आहे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेकची रचना बसवली आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. दोन्ही कल्पना एका वयाच्या. पण लँचेस्टरची तबकडी तांब्याच्या पॅडमध्ये दाबली की असा कर्कश आवाज करायची की रस्त्यावरची माणसं वळून बघत. त्यात तेव्हाचे रस्ते धुळीचे आणि तबकडी उघडी. ड्रम सगळ्या बाजूंनी झाकलेला, गुपचूप काम करणारा. पुढची पन्नास वर्षं ड्रमच जिंकला.

पण जे झाकलेलं असतं त्याची उष्णता बाहेर पडत नाही. डाळ शिजवायला हा गुण, ब्रेकला अवगुण. ड्रम तापला की फुगतो, आणि फुगतो तो आतल्या ब्रेक शूपासून लांब. म्हणजे जेव्हा जास्त गरज, तेव्हाच पेडल खोल जातं. वर लायनरची पकडही तापल्यावर घटते. तबकडीचं उलट असतं. ती उघड्या हवेत फिरते आणि तापून फुगली तर पॅडच्या दिशेनेच फुगते.

हे आम्ही एकदा अनुभवलंय. १९७८ चा मे महिना. रत्नागिरीला लग्न होतं आणि मालकांनी अण्णांना आपली फियाट वापरायला दिली होती. चारही चाकांना ड्रम. गाडीत आम्ही सहा जण, टपावर सामान. आंबा घाट उतरताना मध्येच करपल्यासारखा वास सुटला. अण्णांनी पेडल दाबलं आणि ते थेट तळाला टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. गिअर उतरवत, हँडब्रेक थोडा थोडा ओढत त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि चाक चरात घातलं. गाडी थांबली. आई बराच वेळ नुसती दाराची कडी धरून बसली होती.

मागून आलेल्या ट्रकचा क्लीनर पाण्याचा डबा घेऊन धावला, चाकांवर ओतायला. अण्णांनी त्याचा हात धरला. "नको बाबा. बीड आहे. तडकेल." आम्ही पाऊण तास करवंदीच्या जाळीपाशी बसून राहिलो. ड्रम आपोआप गार झाले, पेडल वर आलं आणि काही झालंच नाही अशा थाटात आम्ही लग्नाला पोचलो. माझी बहीण तेव्हा आठ वर्षांची होती. तो वास तिच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. "ब्रेकमध्ये पैसे वाचवायचे नसतात" हे वाक्य त्या घाटातलं आहे. भाच्याला हे माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलंच नव्हतं.

तर पुन्हा इतिहासाकडे. डिस्क ब्रेकचं नशीब उघडलं ते विमानांमुळे. जड विमान वेगात उतरणार आणि थोडक्या धावपट्टीत थांबणार, तिथे ड्रमचा निभाव लागेना. डनलप कंपनीने विमानांसाठी केलेलं काम जॅग्वारने आपल्या शर्यतीच्या गाडीवर आणलं. १९५२ साली फ्रान्समध्ये रँस इथे स्टर्लिंग मॉसने डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आणली. पुढच्या वर्षी, १९५३ ला, ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन याच गाडीने जिंकले. सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर. त्या शर्यतीत ताशी शंभर मैलांच्या वर सरासरी जाण्याची ती पहिलीच वेळ. यात निव्वळ इंजिनाचा पराक्रम नव्हता. लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकाला बाकीच्यांना जिथे ब्रेक दाबावा लागे, त्याच्या बरंच पुढे जाऊन जॅग्वारवाले दाबत. आणि हे चोवीस तास करत, कारण तबकड्या दमत नव्हत्या. चांगल्या ब्रेकमुळे गाडी हळू नाही, जास्त वेगात चालते. हे वाक्य ऐकायला विचित्र वाटतं, पण सगळा घोटाळाही तिथूनच सुरू होतो.

तो घोटाळा १९५५ मध्ये दिसला. ११ जून, तीच ल माँची शर्यत. मर्सिडीजकडे अजून ड्रमच होते. जॅग्वारच्या तबकड्यांना तोंड द्यायचं म्हणून त्यांनी चालकाच्या पाठीमागे एक मोठं झाकण बसवलं होतं. वेगात ते उभं राहायचं आणि हवा अडवून गाडी हळू करायचं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला माइक हॉथॉर्नने आपल्या जॅग्वारमधून लान्स मॅकलिनच्या लहान ऑस्टिन-हीलीला मागे टाकलं आणि लगेच पिटमध्ये थांबण्यासाठी ब्रेक दाबले. मॅकलिनने टक्कर टाळायला ब्रेक दाबले आणि गाडी डावीकडे वळवली. मागून पिएर लेवेगची मर्सिडीज ताशी २४० च्या आसपास येत होती. त्याला वेळच नव्हता. ती मॅकलिनच्या गाडीवर चढली, उडाली, कडेच्या बांधावर आपटली आणि तिचे तुकडे गर्दीत घुसले. ऐंशीहून जास्त प्रेक्षक गेले. लेवेगही गेला. त्याच्या मागे फांजिओ होता. तो पुढे सांगत असे की शेवटच्या क्षणी लेवेगने हात वर करून आपल्याला इशारा दिला.

चौकशीत कुणा एका चालकाला दोषी धरलं नाही. ट्रॅक अरुंद होता, पिटची जागा धोक्याची होती. मॅकलिनच्या गाडीलाही डिस्क होत्याच, त्यामुळे 'ड्रम वाईट, डिस्क चांगली' असा सोपा धडा यातून निघत नाही. मला दिसलेला धडा वेगळा आहे. एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या वेगाच्या आणि वेगवेगळ्या ताकदीने थांबणाऱ्या गाड्या होत्या, आणि प्रत्येक जण आपल्या ब्रेकचा हिशोब करत होता. मागच्याच्या ब्रेकचा हिशोब कुणाच्याच हातात नव्हता. आपण किती पटकन थांबतो यावर मागच्या माणसाचा जीव अवलंबून असतो, हे पुण्याच्या सिग्नलला रोज दिसतं, फक्त तिथे वेग कमी असतो म्हणून बंपरवर भागतं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनने डीएस गाडी आणली, पुढच्या चाकांना डिस्क लावून. शर्यतीतली वस्तू संसारी माणसाच्या दारात आली. ९११ चं उत्पादन १९६४ ला सुरू झालं तेव्हा तिच्या चारही चाकांना डिस्क होत्या, आणि १९६६ च्या ९११ एस मॉडेलला मधून हवा खेळणाऱ्या पोकळ तबकड्या आल्या. सगळ्या बिडाच्या.

पुढची उडी पुन्हा विमानाची. कॉन्कॉर्ड १९७६ च्या जानेवारीत प्रवासी घेऊन उडायला लागलं, तेव्हा त्याचे ब्रेक डनलपने बनवलेले कार्बनचे होते. वजन खूप वाचलं आणि उष्णतेची भीतीच गेली, कारण कार्बन वितळत नाही. त्याच सुमाराला फॉर्म्युला वनमध्ये गॉर्डन मरेने ब्रॅबम गाडीवर कार्बनचे प्रयोग सुरू केले. १९८० च्या दशकात ते सगळीकडे पसरले. पण नुसत्या कार्बनची एक खोड आहे. तो गार असताना धड पकडतच नाही. शर्यतीच्या आधी मुद्दाम तापवून घ्यावा लागतो. आता दूध आणायला निघालेल्या माणसाने कोपऱ्यावर म्हैस आडवी आली तर काय करायचं? "थांब गं बाई, जरा ब्रेक तापू दे"?

म्हणून रस्त्यासाठी तिसरा पदार्थ शोधावा लागला, आणि त्याचं बीज निघालं १८९१ सालचं. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन हा कृत्रिम हिरे करायच्या नादात माती आणि कोक विजेने तापवत होता. हिरे झाले नाहीत, झाली सिलिकॉन कार्बाइडची चमकदार खडी. तिला त्याने 'कार्बोरंडम' म्हटलं. सुरीला धार लावायचा दगड पुष्कळ घरांत असतो, तो हाच. आता सिरॅमिकची तबकडी करताना कार्बनच्या धाग्यांचे तुकडे राळेत कालवून साच्यात दाबतात, हवा न लागू देता भट्टीत भाजून राळेचाही कोळसा करतात आणि मग त्या सच्छिद्र कोळशात वितळलेलं सिलिकॉन शोषून घेऊ देतात. सिलिकॉन १,४१४ अंशांना वितळतं, त्यामुळे भट्टी त्याच्याही वर तापवावी लागते. आत गेलेलं सिलिकॉन कार्बनशी मिळून सिलिकॉन कार्बाइड होतं. हिऱ्याच्या खालोखाल कठीण म्हणावं असं काहीतरी, आणि त्याला आतून धाग्यांचा आधार. एक तबकडी तयार व्हायला काही आठवडे लागतात. अण्णांच्या भट्टीत सकाळी साचा भरला की संध्याकाळी ड्रम हातात येई. किमतीतला फरक निम्मा इथेच कळतो.

२००० साली मर्सिडीजने सीएल ५५ एएमजीच्या अगदी मोजक्या गाड्यांना हे ब्रेक लावले. २००१ मध्ये पोर्शेने ९११ जीटी-२ ला ते मूळचेच दिले. २००२ मध्ये फेरारीची एन्झो आली, इटलीच्या ब्रेम्बो कंपनीचे सिरॅमिक ब्रेक घेऊन. पोर्शेने यांच्या कॅलिपरला पिवळा रंग दिला. तेव्हापासून चाकाच्या आऱ्यांतून डोकावणारा पिवळा रंग बघून लोक मालकाचा खिसा ओळखू लागले. नव्या गाडीला हे ब्रेक हवे असतील तर बरेच पैसे जास्तीचे मोजावे लागतात, त्यामुळे ओळखणारे अगदीच चुकत नाहीत.

आता निवड.

सिरॅमिकच्या बाजूने पुष्कळ आहे. तबकडीचं वजन बिडाच्या जवळपास निम्मं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, चाकाबरोबर नाचणारं, म्हणून तिथला एक किलो वाचला तरी खराब रस्त्यावर चाक टेकून राहायला मदत होते. गंज नाही. चाकं काळी करणारी धूळ फार कमी. वारंवार, वेगात, डोंगर उतरताना दाबले तरी दमत नाहीत. आणि साध्या रस्त्यावर नीट वापरले तर तबकड्या फार वर्षं टिकतात.

पण बहीण ज्यासाठी आग्रह करत होती ती गोष्ट यात नाही. एकदा, अचानक, जीव खाऊन ब्रेक दाबला, तर सिरॅमिकवाली गाडी बिडावालीच्या बरीच आधी थांबेल का? नाही. चांगल्या अवस्थेतले दोन्ही ब्रेक चाक जागेवर धरून ठेवण्याइतके बळकट असतातच, एबीएस मध्ये पडतं ते म्हणूनच. त्या क्षणी गाडी किती अंतरात थांबणार हे ठरवतो टायर आणि रस्ता. सिरॅमिकचं मोठेपण पहिल्या दाबण्यात नाही, विसाव्या दाबण्यात आहे.

मग विसाव्यांदा दाबणारे कोण? शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने जाणारे. आणि गंमत बघा, त्यांतले कितीतरी जण मुद्दाम बिडाच्या तबकड्या घेतात. कारण ट्रॅकवरच्या सततच्या तापात सिरॅमिकमधला कार्बन हळूहळू जळतो, आणि तबकडी बदलायची वेळ आली की डोळे पांढरे होतात. बिडाची बदलायला तेवढा जीव कासावीस होत नाही. शिवाय बीड झिजलं की जाडी मोजून कळतं. सिरॅमिक जळून आतून हलकं होतं, जाडी तशीच दिसते. म्हणून अनेक सिरॅमिक तबकड्यांवर किमान वजन कोरलेलं असतं. काढायची, तराजूत घालायची आणि बघायचं. चाक बदलताना कडेला ठोकर लागली तर टवका उडतो, तीही भीती.

म्हणजे जो वस्तू विकत घेतो त्याला तिची गरज कमी, आणि ज्याला गरज आहे त्याला ती परवडत नाही. अशा वस्तू जगात बऱ्याच आहेत, हा काही ब्रेकचाच गुन्हा नव्हे.

मधला मार्गही आलाय. २०१७ मध्ये पोर्शेने कायेन गाडीसोबत बिडाच्या तबकडीवर टंगस्टन कार्बाइडचा पातळ थर दिला. गंज आणि धूळ दोन्ही कमी. २०२४ मध्ये युरोपात मंजूर झालेल्या युरो ७ नियमांत धुराबरोबर ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा घातली गेली. म्हणजे सव्वाशे वर्षं 'उष्णता कुठे ठेवू' विचारणाऱ्या ब्रेकला आता 'धूळ कुठे टाकतोस' हेही विचारलं जातंय. फ्रूडच्या नंतर कित्येक दशकं लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्या धुळीने किती माणसांची फुप्फुसं खाल्ली हे आठवलं, तर हा प्रश्न फार आधी विचारायला हवा होता असं वाटतं.

आठ दिवसांनी मी भाच्याला फोन केला. उत्तर दिलं नाही, तीन प्रश्न विचारले. वर्षातून किती वेळा ट्रॅकवर जाशील? "एकदा. फार तर दोनदा. न्युर्बुर्गरिंग मित्रांबरोबर." रोजचा प्रवास किती? "बावीस किलोमीटर, त्यातला निम्मा ट्रॅफिकमध्ये." सिरॅमिकची एक तबकडी फुटली तर दुसऱ्या दिवशी बदलण्याइतके पैसे बाजूला आहेत का? बराच वेळ शांतता. "नाहीत मामा."

"मग बिडाचे घे. आणि जे वाचतील त्यातून नवे टायर घाल, ब्रेक ऑइल पहिल्या दिवशी बदल आणि गाडी जोरात कशी थांबवायची हे एक दिवस फी भरून शीक. तुला वाचवतील ते हे तिघे."

गाडी घेण्याआधी मेकॅनिककडून चाकं उतरवून बघ, पाण्यात म्हैस आणि वर मोल असं करू नकोस, हेही सांगितलं. त्याने तसं केलं. मागच्या एका तबकडीला केसासारख्या चिरा निघाल्या, विकणाऱ्याने निमूटपणे दोन्ही मागच्या तबकड्या नव्या घालून दिल्या.

बहिणीची समजूत काढणं जास्त अवघड होतं. "स्वस्तातले घेतलेस ना शेवटी," असं ती त्याला म्हणालीच. मग मी तिच्या घरी गेलो आणि आम्ही दोघं कितीतरी वर्षांनी आंबा घाटाबद्दल बोललो. तो वास, आईचा हात, करवंदं. मी म्हटलं, "त्या दिवशी आपल्याला ब्रेकने वाचवलं नाही. ब्रेक तर गेलेच होते. वाचवलं अण्णांनी, कारण ब्रेक गेल्यावर काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांचा वेग तेवढाच होता." ती काही बोलली नाही. चहा ठेवायला उठली. जाता जाता म्हणाली, "त्याला सांग, पेडल दाबून बघत जा म्हणावं, निघायच्या आधी. अण्णा बघायचे तसं."

सांगितलं. तो म्हणाला, "हो मामा, बघतो." तिकडून फोटो आलाय, गाडी पावसात उभी आहे, कॅलिपर साधे काळे. तबकडीवर एका रात्रीचा तांबूस गंज चढलेला. पहिल्या ब्रेकला तो पुसला जाईल.

फोटो बघून मला उगाचच वाटलं की बोट पुढे करून ती तबकडी एकदा वाजवून बघावी.